गोल सुई, बिनशिवणीची टोपी

घरातला साधा सुती बनियान हाताशी असेल तर तो उलटा करून कुशीवरून बोट फिरवून बघा. बहुतेक बनियानांना खांद्यावर शिवण असते, गळ्याला पट्टी असते. पण काखेपासून खालच्या काठापर्यंत कुशीत शिवण सापडत नाही. तिरुपूर किंवा लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांत हे कापड गोल यंत्रावर नळीच्या आकारातच विणून निघतं. शेकडो बारीक सुया वर्तुळात बसवलेल्या असतात, दोरा फेऱ्या मारत राहतो आणि कापड खाली उतरत जातं. पायमोजाही असाच गोल फिरत तयार होतो.

हेच काम दोन हातांनी, घरी बसून करायचं साधन म्हणजे गोल सुई. दोन टोकांना अर्ध्या वितीएवढ्या सुया आणि मधे त्यांना जोडणारी लवचिक नायलॉनची तार, एवढंच. दुकानात ‘सर्क्युलर’ म्हणून मागितली तर मिळते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बाया तिला वायरची सुई म्हणतात आणि मीही आता तेच म्हणते.

मी नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून दसरा उलटला की आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घराच्या गच्चीवर दुपारच्या उन्हाला विणकामाची बैठक भरते. ती संक्रांतीपर्यंत चालते. कॉलेजातल्या मुली येतात, लवकरच आजी होणारी येते, बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही येतात. इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं असतं, की आधी दोन सरळ सुयांवर हात बसू द्या, वायरची सुई मग बघू. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ज्याने आजवर एकही टाका घातलेला नाही, त्याने पहिली सुई वायरचीच घ्यावी.

का, ते समजायला सरळ सुयांवर काय होतं ते आधी बघू. एका सुईवरचे टाके एकेक करून दुसरीवर घ्यायचे, ओळ संपली की काम पलटायचं आणि परत यायचं. पलटल्यामुळे एकदा कापडाची समोरची बाजू आपल्याकडे असते, एकदा मागची. सुलट टाका आणि उलट टाका हे खरं तर वेगळे टाके नव्हेतच. एकाच फाशाच्या त्या दोन बाजू आहेत. समोरून जो सुलट दिसतो तोच मागून उलट. म्हणून साधी गुळगुळीत वीण हवी असेल तर सरळ सुयांवर एक ओळ सुलट आणि येताना एक ओळ उलट विणावी लागते. नवशिक्याचा हात अडकतो तो उलट टाक्यापाशी. दोरा पुढे आणा, सुई उजवीकडून घाला, दोरा गुंडाळा, मागे ढकला. शिवाय बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा थोडा सैल पडतो, त्यामुळे कापडावर आडव्या पट्ट्या उमटतात. हात चांगला असूनही वीण ‘बाजारची वाटत नाही’ अशी तक्रार येते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

आणि मग जोडणी. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, दोन बाह्या वेगळ्या. दोन कुशी, दोन बाह्यांच्या शिवणी, दोन खांदे आणि बाह्यांचे घेर, एवढं सगळं सुईदोऱ्याने शिवायचं. नागपुरातल्या कितीतरी कपाटांत पाठ आणि पुढचा भाग विणून झालेले, जोडायचे राहिलेले स्वेटर आहेत. ज्या बाळासाठी विणायला घेतले ते बाळ शाळेत जायला लागलं.

गोल सुईवर काम पलटायचंच नसतं. शेवटच्या टाक्यानंतर लगेच पहिला टाका समोर येतो. कापडाची सरळ बाजू कायम आपल्याकडे राहते, त्यामुळे साध्या विणीसाठी फक्त सुलट टाके घालत जायचं. एकच हालचाल शिकली की टोपीचा बहुतेक भाग होतो. उलट टाका फक्त काठापुरता लागतो. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीवर उभा आहे.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर वायुसेनेतल्या एका अधिकाऱ्याचं कुटुंब भाड्याने राहायला आलं होतं. बाई हिमाचलातल्या लाहौलच्या. तिकडच्या रंगीत नक्षीच्या लोकरी मोज्यांना आणि हातमोज्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यांच्या घरी मात्र ते रोजचं काम होतं. चहा गॅसवर उकळत असताना त्यांचे हात चालू असायचे. मी पहिल्यांदा त्यांची तारेची सुई हातात घेतली आणि फेरी पूर्ण झाल्यावर जन्माच्या सवयीने काम पलटायला गेले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. ‘दीदी, पलटना नहीं है, बस चलते जाना है.’ मी आज शिकवते तेव्हा हेच वाक्य पहिलं सांगते, हिंदीतच.

गोल विणणं मात्र मला तोवर अनोळखी नव्हतं. माझी आई मोजे आणि कानटोप्या चार सुयांवर विणायची. दोन्हीकडे टोक असलेल्या आखूड सुया. तीन सुयांवर टाके वाटून त्रिकोण करायचा आणि चौथीने विणत फिरायचं. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी लोकरीचं विणलं, तेव्हा आमच्या घरीही खाकी लोकरीचे गुंडे आले होते. मी फार लहान होते, पण आईच्या सुया एकमेकींवर आपटण्याचा आवाज आठवतो. त्या कामात दोन भीती असत: सुईच्या मोकळ्या टोकावरून टाके घसरण्याची, आणि जिथे एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे टाके सैल पडून जिन्याच्या पायऱ्या दिसण्याची. तारेने या दोन्ही भीती काढून टाकल्या, कारण टाके एका सलग तारेवर बसलेले असतात.

चार-पाच सुयांची ही रीत फार जुनी आहे. जर्मनीत साधारण इसवी सन १४०० च्या सुमाराला मास्टर बर्ट्राम नावाच्या चित्रकाराने रंगवलेल्या एका वेदीचित्रात मेरी बाळ येशूचा अंगरखा विणते आहे. अंगरख्याचा गळा चार सुयांवर गोल चाललेला स्पष्ट दिसतो. हे चित्र हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. तारेची सुई त्या मानाने कालपरवाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वापरात आली, अमेरिकेत तिचं पेटंट १९१८ मध्ये निघालं. सुरुवातीच्या सुयांत खरोखरची पोलादी तार असायची. ती ताठ असायची, गंजायची, जोडापाशी लोकर अडकायची. नायलॉन आल्यावर ती खऱ्या अर्थाने बायकांच्या हातात रुळली.

तिला घराघरांत नेण्याचं मोठं श्रेय एलिझाबेथ झिमरमन यांना जातं. इंग्लंडमध्ये १९१० मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या या बाईंनी १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि बिनशिवणीच्या स्वेटरचा हिशेब मांडून दिला. मला गणितवालीला तो फार आवडतो. अंगाच्या घेराचे जे टाके, ते शंभर टक्के धरायचे. मनगटाशी बाहीचे टाके त्याच्या २० टक्के, दंडाशी साधारण ३३ ते ३५ टक्के, गळ्याशी साधारण ४० टक्के. म्हणजे अंगाला २२० टाके लागत असतील तर मनगटाला ४४, दंडाला ७३ ते ७७ आणि गळ्याला ८८. मुलाचा स्वेटर असो की आजोबांचा, पातळ लोकर असो की जाड, प्रमाण तेच. नमुन्याच्या पुस्तकात आपलं माप नसलं तरी अडत नाही. अंग आणि दोन बाह्या अशा तीन नळ्या वेगवेगळ्या विणायच्या, मग काखेशी तिन्ही एकाच तारेवर घेऊन गळ्यापर्यंत निमुळतं करत जायचं. शिवायचं असतं ते काखेतलं फक्त दोन बोटांचं.

आता प्रत्यक्ष शिकायचं कसं. पहिली वस्तू टोपीच असावी. लहान असते, लवकर होते, आणि नागपूरच्या पहाटेला सकाळच्या शाळेत निघालेल्या मुलाच्या डोक्यावर ती लागतेच.

सुया घेताना नंबर आणि लांबी अशा दोन गोष्टी बघायच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत: नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. मोबाइलवर अमेरिकन बाईचा व्हिडिओ बघून विणणाऱ्यांनी इथे सांभाळायला हवं, कारण तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. नंबर विसरा, मिलिमीटर वाचा. लांबी म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सगळं अंतर. टोपीला ४० सेंटिमीटर, मोठ्या माणसाच्या स्वेटरला ८०. नियम एकच, सुईची लांबी विणीच्या घेरापेक्षा कमी हवी. घेर ५० चा आणि सुई ६० ची असेल तर टाके ताणून ताणून पोहोचवावे लागतात आणि काम बिघडतं.

निलगिरीत केत्ती इथे कारखाना असलेल्या कंपनीच्या ‘पोनी’ सुया आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, त्यांच्या तारेच्या सुयाही मिळतात. ‘निटप्रो’ ही दुसरी भारतीय कंपनी रंगीत लाकडाच्या सुया करते. त्यांत टोकं तारेला आट्यांनी बसतात, म्हणजे एका तारेवर वेगवेगळ्या नंबरांची टोकं लावता येतात. त्या जगभर विकल्या जातात. शिकणाऱ्याला साधी सुई पुरते. पाकिटातून काढल्यावर तारेला वेटोळं पडलेलं असतं आणि ते फार छळतं. कढत पाण्यात तार मिनिटभर बुडवावी, बाहेर काढून ताणून सरळ धरावी, थंड होऊ द्यावी. ही युक्ती सांगितली की अर्ध्या जणींचा राग तिथेच उतरतो.

लोकर मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या लोकरीवर शिकायचं म्हणजे डोळे फोडणं. आधी नमुना विणून माप घ्यायचं, आणि ज्याला घाई आहे त्यानेही हे टाळू नये. समजा ८ नंबरच्या सुईवर दहा सेंटिमीटरला २२ टाके बसतात. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६ सेंटिमीटर असतं. टोपी त्याहून थोडी लहान हवी, तरच ती धरून राहते. ११२ टाके घातले तर घेर होतो ५१ सेंटिमीटरच्या जवळपास. पण आपला हात घट्ट असेल आणि दहा सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील, तर त्याच ११२ टाक्यांची टोपी ४७ सेंटिमीटरची होईल. दोन टाक्यांच्या फरकाने टोपी बापाची न राहता मुलाची होते. गोल विणायचं असेल तर नमुनाही शक्यतो गोलच विणावा, कारण त्यात उलट ओळी नसल्याने हाताचा ताण वेगळा पडतो.

काठासाठी १० नंबरच्या सुईवर ११२ टाके घाला. ते तारेवर पसरवा. आता जोडण्याची वेळ, आणि इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं. टाक्यांचा खालचा काठ सगळीकडे आतल्या बाजूला, तारेच्या खालीच असला पाहिजे. गजऱ्यात दोरा कुठे पिळला की फुलं वर-खाली तोंड करतात, तसा हा काठ कुठेही तारेवरून पलटलेला नको. सुई टेबलावर ठेवून, बोटाने काठ चाचपत एक पूर्ण फेरी बघावी. पिळा राहिला आणि विणत गेलं, तर पुढे कितीही विणलं तरी तो सुटत नाही, सगळं उसवावंच लागतं. गणितातली मोबियस पट्टी याची जवळची नातेवाईक, फक्त तिच्यात अर्धाच पिळा असतो: एकच बाजू आणि एकच काठ असलेलं वर्तुळ, १८५८ मध्ये मोबियस या जर्मन गणितज्ञाने मांडलेलं. मफलरला कुणी मुद्दाम असा पिळा घालतात, तो छान दिसतो. टोपीला मात्र चालत नाही. दिलासा इतकाच, की पहिली फेरी संपताना पिळा लक्षात आला तर पहिल्या आणि शेवटच्या टाक्यामधल्या दोऱ्यावर तो गुपचूप फिरवून सोडवता येतो. म्हणून दुसरी फेरी सुरू करण्याआधी पुन्हा एकदा काठ चाचपावा.

जोडताना माझी रीत अशी: एक टाका जास्तीचा घालायचा, ११३. शेवटचा टाका डाव्या सुईवर पहिल्या टाक्याशेजारी घ्यायचा आणि दोन्ही एकत्र विणायचे. जोडावर भोक राहत नाही आणि टाके पुन्हा ११२ होतात. तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास सुईवर अडकवून ठेवायचा. हा खुणेचा दोरा फेरी कुठे सुरू झाली ते सांगतो. त्याच्याजवळ पोहोचलो की तो उजव्या सुईवर सरकवायचा आणि पुढे जायचं.

दोन सुलट, दोन उलट असा काठ पाच-सहा सेंटिमीटर विणा. मग ८ नंबरची सुई घ्या आणि सुलट, सुलट, सुलट. हाताला लय लागते ती इथे. माझ्याकडे येणारी एक बाई, जिने आधी कधीच काही विणलं नव्हतं, ती या टप्प्यावर म्हणाली, ‘काकू, आता तर मी बोलून बी राहिली आणि विणून बी राहिली.’ तेच तर हवं असतं. टाके तारेवर दाटले की उजव्या हाताने पुढे सरकवत राहायचे; टोकाशी नेहमी थोडेच टाके असावेत, बाकी तारेवर निवांत.

जुन्या हाताच्या बायांना इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. सरळ सुयांवर प्रत्येक ओळ सुलट विणली की खडबडीत पट्ट्यांची वीण येते. गोलात प्रत्येक फेरी सुलट विणली की गुळगुळीत वीण येते, आणि खडबडीत हवी असेल तर एक फेरी सुलट, एक फेरी उलट विणावी लागते. पाठ करू नका. कापडाची कुठली बाजू आपल्याकडे आहे, एवढं बघितलं की उत्तर मिळतं.

काठापासून पंधरा-सोळा सेंटिमीटर झाले की माथा सुरू करायचा. ११२ चे आठ भाग करा, प्रत्येकात १४ टाके. १२ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा, उरले १०४. पुढची फेरी साधी. मग ११ सुलट, २ एकत्र, ९६. अशी एकाआड एक फेरी घटवत जायचं, शेवटी शेवटी प्रत्येक फेरीत. आठ घटींच्या आठ रेषा माथ्याकडे वळत जाताना दिसतात. घेर लहान झाला की ४० ची सुईही मोठी पडते. इथे जुन्या चार सुया काढाव्यात, किंवा ८०–१०० सेंटिमीटरची लांब तार घ्यावी आणि टाके दोन भागांत वाटून मधल्या तारेचे दोन फासे दोन बाजूंना बाहेर ओढून ठेवावेत. अर्धे टाके विणले की तार ओढायची, उरलेले अर्धे विणायचे. ‘मॅजिक लूप’ नावाने ही रीत प्रसिद्ध आहे. सारा हाउश्का या अमेरिकन बाईंची ही कल्पना २००२ मध्ये एका छोट्या पुस्तिकेतून जगभर गेली. त्यामुळे एकाच लांब सुईवर बाळाच्या मोज्यापासून मोठ्या स्वेटरपर्यंत काहीही विणता येतं. शेवटचे आठ टाके उरले की दोरा तोडून त्यांच्यातून ओवायचा, ओढून घट्ट करायचा, आत गाठ मारायची. टोपी झाली. शिवण नाही.

रंगीत पट्ट्या करायच्या तर आणखी एक बारकावा. गोल विणीत फेऱ्या एकावर एक बसलेल्या वाटतात, पण खरी वीण वळत वर चढते. म्हणून नव्या रंगाची फेरी जिथे सुरू होते तिथे एक पायरी दिसते. दुसऱ्या फेरीत पहिला टाका विणताना त्याच्या खालच्या, जुन्या रंगाच्या टाक्याचा फासा उचलून दोन्ही एकत्र विणले की ती पायरी जवळजवळ नाहीशी होते.

गोल सुई फक्त गोल विणण्यासाठी असते, हा समज मला खोडून काढायचा आहे. तिच्यावर सपाट कापडही विणता येतं. ओळ संपली की पलटायचं आणि परत यायचं, बस. रजईएवढं मोठं काम असेल तर हाच एक उपाय, कारण कितीही लांब सरळ सुई घेतली तरी तीनचारशे टाके तिच्यावर बसत नाहीत. आणि मनगटं. सरळ सुयांवर स्वेटर वाढला की त्याचं सगळं वजन सुयांच्या लांब दांड्यांवर लोंबतं आणि ते मनगटाने पेलावं लागतं. तारेवर काम मांडीवर विसावतं. पन्नाशी-साठीनंतर हात दुखतात म्हणून विणणं सोडून दिलेल्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत. त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो, कारण हत्यार बदललं असतं तर त्यांतल्या पुष्कळजणी आजही विणत असत्या. सुई काखेत दाबून विणायची सवय असलेल्यांना सुरुवातीला हात मोकळा पडल्यासारखा वाटतो, पण तो आठवड्यात बसतो. विदर्भ एक्सप्रेसमध्ये शेजाऱ्याच्या कुशीत कोपर न टोचता मुंबईपर्यंत विणता येतं, हा फायदा वेगळा.

नागपुरात लोकर कशाला, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो, हे त्यांना माहीत असतं. पण २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. हिवाळी अधिवेशनाला आलेले लोक स्वेटर घेतात ते उगाच नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. दर हिवाळ्यात शहरात तिबेट्यांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यांच्याकडचा माल बहुतेक लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला असतो. तो स्वस्त आणि ऊबदार असतो. त्याच्याशी स्पर्धा करायला मी कुणाला शिकवत नाही. घरी विणलेला स्वेटर आपल्या माणसाच्या मापाचा असतो, कोपराला विरला तर उसवून पुन्हा विणता येतो, आणि गोल विणलेला तर एका दोऱ्यात सलग उसवतो.

पण लोकरीपेक्षाही मला जास्त बोलायचं आहे ते कापसाबद्दल. विणकाम म्हणजे थंड देशांतली मेंढीची लोकर, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज जगात शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमधले मोजे आणि मोज्यांचे तुकडे आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. ते सुती आहेत. पांढरा आणि निळीत रंगवलेला निळा, असे दोन दोरे, आणि वीण गोल, बिनशिवणीची. उन्हाच्या देशात, कापसाच्या दोऱ्यावर हे कौशल्य इतक्या बारीक नक्षीपर्यंत पोहोचलं होतं. हे वाचल्यापासून मी गच्चीवर उन्हाळ्यातही बैठक घ्यायला लागले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये ज्या शहरात उभी राहिली, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून जिथे आहे, ज्याच्या चहूबाजूंना कपाशीची शेतं आहेत, त्या शहरातल्या विणणाऱ्या बायांनी सुती दोऱ्याला हात लावू नये, हे मला पटत नाही.

कापूस लोकरीसारखा वागत नाही, हे मात्र आधी समजून घ्यावं. लोकर ताणली की परत जागेवर येते; सुती दोरा ताणला की ताणलेलाच राहतो. त्यामुळे दोन सुलट-दोन उलटचा काठ लोकरीत अंगाला धरतो, सुतात सैल पडतो. तो एक नंबर बारीक सुईवर, घट्ट विणावा. सुती काम वजनदार असतं आणि धुतल्यावर खाली लांबतं, म्हणून उंची एखादा सेंटिमीटर कमीच ठेवावी. उन्हाळ्यात घामाने धातूच्या सुईवर दोरा चिकटतो. लाकडाची किंवा बांबूची सुई बरी. आणि वाळवताना दोरीवर टांगू नये, चादरीवर सपाट पसरावं.

सुतात पहिली वस्तू म्हणून मी नवजात बाळाचं झबलं विणायला देते. मी स्वतः जन्मले ती नागपूरच्या मातृसेवा संघात, १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी सुरू केलेल्या संस्थेत. तिथून घरी आणताना मला घातलेलं सुती झबलं आईने जपून ठेवलं होतं. त्याच्या कुशीतली शिवण आतून काटेरी वाटते. बाळाच्या कातडीला ती टोचत असणार. गोल सुईवर ती लागतच नाही. पातळ चार पदरी सुती दोरा आणि १० नंबरची ४० सेंटिमीटर सुई घ्या. दहा सेंटिमीटरला २८ टाके बसत असतील तर १२८ टाके घाला. घेर ४६ सेंटिमीटरच्या आसपास येतो, बाळाला हात-पाय हलवायला पुरतो. काठाच्या चार फेऱ्या एक सुलट, एक उलट अशा आलटूनपालटून, म्हणजे कड गुंडाळत नाही. मग पंधरा सेंटिमीटर सुलट फेऱ्या. काखेशी आल्यावर टाके ६४-६४ असे दोन भागांत वाटा. आता इथे पलटायचं. त्याच सुईवर पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळे, सपाट, दहा-अकरा सेंटिमीटर वर न्या. टाके सैल हाताने बंद करा, नाहीतर काठ आवळतो. खांदे शिवू नका. दोन्ही खांद्यांना त्याच दोऱ्याच्या नाड्या लावा. बाळाला आडवं निजवूनच झबलं घालता येतं, आणि बाळ वाढलं की नाडी थोडी सैल बांधून ते आणखी एक-दोन महिने वापरता येतं.